स्वयंपाकघरातली जुनी लाकडी कपाटं गडद करून घेण्यापूर्वी

कपाटं मोडून नवी करायचं ठरवण्याआधी शटर उघडून आतली बाजू एकदा पाहा. गोव्यात फोंडा, डिचोली, सत्तरीकडच्या जुन्या घरांत अजून सागवानाची, फणसाची शटरं आहेत. ती टाकू नका. पिवळं पडलेलं पॉलिश काढून त्यांना गडद स्टेन देता येतो. ऑइलपेंट लाकूड झाकतो. स्टेन लाकडात मुरतो आणि रेषा दिसत राहतात.

पण मुरायला वाट मोकळी हवी. शेगडीजवळचं शटर बघा: फोडणीचा धूर, मासे तळताना उडालेलं तेल, मुठीभोवती हळदीच्या हाताचे ठसे. सुरुवातीच्या काळात एका घरी आम्ही हे नीट न धुताच स्टेन लावला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुठीभोवती बोटांएवढे फिके डाग! सगळी शटरं आमच्या खर्चाने घासून पुन्हा करून दिली. तेव्हापासून साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, टर्पेंटाइनने पुसल्याशिवाय आम्ही पॉलिश पेपर हातात घेत नाही. आधी 120 नंबर, मग 180, शेवटी 220, तोही रेषेच्या दिशेनेच. आडवा ओरखडा कोऱ्या लाकडावर लपतो, स्टेन लागला की काळा उठून दिसतो.

शटरवर सनमायका असेल तर स्टेन होणार नाही. प्लायवर व्हिनियर, म्हणजे चिकटवलेला खऱ्या लाकडाचा थर, असेल तर होईल, पण तो थर इतका पातळ असतो की मशीन न लावता हातानेच घासावा लागतो.

छापील शेडकार्ड पाहून रंग ठरवू नका. एकच स्टेन सागवानावर वेगळा दिसतो, फणसाच्या पिवळसर लाकडावर वेगळा. आम्ही तुमच्याच शटरच्या आतल्या बाजूला दोन-तीन शेड लावून वर पॉलिशचा हातही मारून देतो, कारण सुकलेला स्टेन मळकट दिसतो आणि पॉलिशखाली गडद होतो. तो दिवसा पाहा, रात्री दिवा लावून पाहा. मन दोन शेडमध्ये अडकलं तर फिकी घ्या: गडद नंतरही करता येतं, फिकं करायला पुन्हा सगळं घासावं लागतं. कौलारू घरातल्या एका खिडकीच्या स्वयंपाकघरात वरची कपाटं फार काळपट करू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) करून द्या, असा आग्रह दरवर्षी होतो. जून ते सप्टेंबर आम्ही पॉलिशचं काम घेत नाही. दमट हवेत पॉलिश पातळ करायला घातलेला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि पॉलिशवर पांढुरकी साय येते. दिवाळीनंतर ते मेपर्यंत बोलवा.

शटरं आम्ही नंबर टाकून कारखान्यात नेतो. सांगाडा तुमच्या घरीच होतो. त्या दिवसांत स्वयंपाकघरात शेगडी पेटवायची नाही, सिलिंडर बाहेर ठेवायचा, खिडक्या उघड्या. थिनरची वाफ पेट घेते. तेलाच्या स्टेनची चिंधी तर बोळा करून टाकली की आपोआप तापून पेटू शकते, म्हणून ती आम्ही पाण्यात बुडवून बरोबर नेतो. एखादी राहिलेली दिसली तर कचऱ्यात टाकू नका, मोकळ्यावर पसरून ठेवा आणि आम्हाला कळवा.

शटरं बसवल्यावर पहिला महिनाभर कोरडाच फडका. त्यानंतर ओला पिळून चालेल, भांड्यांची घासणी मात्र कधीच नको.