टँजरीन ड्रीम: बाउमानचा काळ की श्मोलिंगचा काळ?

टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा सर्वोत्तम काळ कोणता, असा वाद चाहत्यांत निघाला की ‘व्हर्जिन इयर्स’ हे उत्तर हमखास येतं. १९७४ ते १९८३, म्हणजे बँड व्हर्जिन रेकॉर्ड्सकडे होता ती वर्षं. मला हे उत्तर पटत नाही. त्या दहा वर्षांत एकाच नावाखाली दोन निराळे बँड वाजले आहेत, आणि त्यातला कोणता आवडतो हे सांगितल्याशिवाय वाद पुढे सरकतच नाही.

गल्लत होते ती साहजिक आहे. दोन्ही वेळा तिघांचाच संच. दोन्हींत एडगर फ्रोझे आणि ख्रिस्तोफर फ्रांके होतेच. दोन्हींत सिंथेसायझर, सिक्वेन्सर (ठरावीक स्वरांची ओळ आपोआप पुन्हापुन्हा वाजवणारं यंत्र) आणि वीस-वीस मिनिटांच्या रचना. बदलला तो तिसरा माणूस. १९७७ पर्यंत पीटर बाउमान होता. मधल्या उलथापालथीनंतर १९७९ च्या अखेरीस योहानेस श्मोलिंग आला आणि १९८५ पर्यंत राहिला.

त्यात कंपन्यांवरून काळ पाडायच्या सवयीने घोळ वाढवला. ओर या जर्मन कंपनीच्या चिन्हात गुलाबी कान होता म्हणून सुरुवातीचे ‘पिंक इयर्स’, मग ‘व्हर्जिन इयर्स’, मग ‘ब्लू इयर्स’. या हिशोबाने ‘फेड्रा’ (१९७४) आणि ‘हायपरबोरिया’ (१९८३) एका खणात बसतात. पण १९८३ च्या डिसेंबरात वॉर्सात त्याच तिघांनी वाजवलेली मैफल ‘पोलंड’ नावाने पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडून आली, म्हणून ती वेगळ्या खणात! कानाला विचारलं तर ‘हायपरबोरिया’ची सख्खी बहीण ‘पोलंड’च आहे.

खरा फरक यंत्र आणि माणूस यांच्यात पुढाकार कोणाचा, इथे आहे.

बाउमानच्या काळात फ्रांकेकडे मूग कंपनीचा मोठा मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून वाजवायचा, सिंथेसायझर होता. त्याच्या सिक्वेन्सरमध्ये आठ पायऱ्या आणि तीन ओळी. प्रत्येक नॉब एक व्होल्टेज ठरवतो आणि ते व्होल्टेज स्वराची उंची ठरवतं. चक्र फिरत असतानाच वादक नॉब हलवतो, त्यामुळे एखादा स्वर सरकतो, एखादा गळतो आणि आकृती हळूहळू रूप बदलते. काहीही साठवून ठेवायची सोय नाही. वर खोली तापली, उपकरण तापलं की ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारा भाग, सुरातून हलतो. ‘फेड्रा’चं शीर्षक-संगीत इंग्लंडमधल्या ‘द मॅनर’ स्टुडिओत याच भानगडीतून घडलं. यंत्र तापत गेलं तसा खर्जाचा सूर सरकला, आणि त्यांनी ते पुसलं नाही. हेडफोन लावून ऐकलंत तर खालची आकृती पायाखालून निसटल्यासारखी वाटते आणि वरचे दोघे तिला सावरायच्या बेतात असतात. ही रचना कोणी कागदावर लिहू शकला नसता. ब्रिटनमध्ये हा अल्बम पंधराव्या क्रमांकापर्यंत चढला, हे मला आजही थक्क करतं.

‘रुबिकॉन’ (१९७५) आणि ‘रिकोशे’ (१९७५) याच जातीचे. ‘रिकोशे’चा दुसरा भाग पियानोच्या साध्या सुरावटीने उघडतो, पाठोपाठ मेलोट्रॉनची (टेपवर ध्वनिमुद्रित केलेले वाद्यांचे सूर वाजवणाऱ्या कीबोर्डची) बासरी येते, आणि मग सिक्वेन्सर धडधडत आत शिरतो. एकावर एक आकृत्या चढत जातात. पुढच्या क्षणी काय होणार हे वादकांनाही पक्कं ठाऊक नसावं, असं ऐकताना वाटत राहतं.

श्मोलिंगची घडण वेगळी होती. तो शिकलेला पियानोवादक, चर्च ऑर्गनवर हात बसलेला, ध्वनितंत्राचं शिक्षण घेतलेला. बँडबरोबरची त्याची पहिली मैफल ३१ जानेवारी १९८० ला पूर्व बर्लिनच्या पालास्ट डेर रेपुब्लिकमध्ये झाली. पश्चिम बर्लिनचा बँड भिंतीपलीकडे जाऊन वाजवतो हीच केवढी मोठी गोष्ट. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण ऐका: सिंथेसायझरसाठी गाजलेल्या बँडची सुरुवात या नव्या माणसाच्या लांबलचक पियानोवादनाने होते. पुढे पाच वर्षं काय होणार हे तिथेच कळतं. ‘टँग्राम’ (१९८०) मध्ये सिक्वेन्सर आहेतच, पण ते आता चालीच्या हुकमात आहेत. एक प्रसंग संपतो, दुसरा नेमका सुरू होतो, सांधे दिसत नाहीत.

वाद्यंही बदलली. ध्वनी स्मृतीत साठवणारे सिंथेसायझर आले, हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाल्मने बनवलेला पीपीजी वेव्ह हा डिजिटल सिंथेसायझर आला, इलेक्ट्रॉनिक तालवाद्यं आली. सूर स्थिर झाला आणि एका क्षणात नाद पालटता येऊ लागला. नवा नाद जुळवायला दहा मिनिटं धुकं पसरवायची गरजच उरली नाही, म्हणून रचना आखूड होत गेल्या. ‘एक्झिट’मध्ये (१९८१) सहा रचना आहेत, ‘ल पार्क’मध्ये (१९८५) नऊ.

याच मुद्द्यावर बाउमानवाले श्मोलिंगच्या काळाला ‘धंदेवाईक’ म्हणतात, आणि ते मला अजिबात मान्य नाही. ‘व्हाइट ईगल’च्या (१९८२) शीर्षक-रचनेचं रूप जर्मन टीव्हीवरच्या ‘टाटोर्ट’ या गुन्हेकथांच्या मालिकेत वाजलं आणि लोकप्रिय झालं, हा काही गुन्हा नव्हे. त्याच अल्बमची पूर्ण एक बाजू ‘मोहावी प्लॅन’ या वीस मिनिटांच्या रचनेने व्यापली आहे. चाल लक्षात राहते म्हणजे ती उथळ, हा तर्क संगीतात कुठेच टिकत नाही.

सिनेमासंगीतातही हाच भेद ऐकू येतो. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनच्या ‘सॉर्सरर’चं (१९७७) संगीत त्यांनी चित्रीकरण न बघता, पटकथेवरून केलं. ते स्वतःच्याच तंद्रीत वाहतं. ‘रिस्की बिझनेस’च्या (१९८३) वेळचं संगीत मात्र प्रसंगाच्या मापाने बेतलेलं आहे.

मधल्या ‘सायक्लोन’ (१९७८) आणि ‘फोर्स मॅजूर’ (१९७९) यांना कोणत्याच बाजूला ओढू नये. पहिल्यात गाणं आणि ड्रम्स आहेत. दुसरा मला फार आवडतो, पण त्याचा या वादाशी संबंध नाही.

माझा कौल बाउमानच्या काळाला. श्मोलिंगचा संच वाजवायला अधिक तयार होता, रचनेत अधिक पक्का होता, हे मान्य करूनही. मला या संगीतात कोसळण्याची शक्यता ऐकायला हवी असते, आणि १९८० नंतर ती जवळजवळ नाहीशी होते. ज्याला प्रत्येक सूर जागच्या जागी बसलेला हवा, त्याने बेधडक श्मोलिंग निवडावा.

निवड करायचीच तर ‘फेड्रा’ विरुद्ध ‘ल पार्क’ अशी जोडी लावू नका, ती लढत एकतर्फी होते. ‘रिकोशे’ आणि ‘लोगोस’ (१९८२) घ्या. दोन्ही मैफलींतून निघालेले, दोन्हींत आधीच्या अल्बममध्ये नसलेलं संगीत, दोन्हींत तिघंच जण. आधी ‘लोगोस’ लावा. उलट क्रमाने ऐकलं तर त्याची नीटनेटकी बांधणी उगाच थंड वाटते, आणि तो त्याच्यावर अन्याय आहे.