फुल-डिस्क एन्क्रिप्शन

संगणकाच्या डिस्कवर जे काही लिहिले जाते ते सगळे, म्हणजे फाइलींबरोबर ऑपरेटिंग सिस्टिम, तात्पुरत्या फाइली आणि स्वॅपसुद्धा (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा), सांकेतिक रूपातच साठवण्याची पद्धत. विंडोजमध्ये यासाठी बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट, तर लिनक्सवर लक्स वापरतात.

लॉगिन पासवर्ड असला की डिस्क सुरक्षित, हा समज घरोघरी आढळतो आणि तो खोटा आहे. लॅपटॉपच्या तळाचे स्क्रू काढायचे, डिस्क यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडायची, की फोटो, पॅनकार्ड, बँकेची कागदपत्रे सगळे समोर. ३ मे २००६ रोजी अमेरिकेच्या माजी सैनिक कल्याण खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि बाहेरची हार्डडिस्क चोरीला गेली. त्यात सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची माहिती होती, आणि ती एन्क्रिप्ट केलेली नव्हती. यंत्रे पुढच्याच महिन्यात सापडली, पण २००९ मध्ये सरकारने २ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करावी की नाही, यात वाद घालण्यासारखे फारसे काही उरत नाही.

पासवर्डने थेट डिस्क बंद होत नाही. डिस्कची खरी किल्ली वेगळी असते आणि पासवर्ड फक्त ती किल्ली उघडतो. म्हणून पासवर्ड बदलला तरी अख्खी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही. उलट, लक्सचा हेडर, म्हणजे ही किल्ली जिथे साठवलेली असते तो डिस्कच्या सुरुवातीचा भाग, खराब झाला आणि त्याची प्रत नसली, तर पासवर्ड तोंडपाठ असूनही डेटा गेलाच. संगणक मंदावतो ही तक्रार आता जुनी झाली. २०१० पासून इंटेलच्या प्रोसेसरांत एईएससाठी, म्हणजे एन्क्रिप्शनच्या नेहमीच्या पद्धतीसाठी, वेगळ्या सूचना येऊ लागल्या आणि हे काम वेगाने होऊ लागले.

सर्व्हरचे गणित वेगळे आहे. तो चोवीस तास चालू, त्यामुळे किल्ली सतत रॅममध्ये. वेबसाइटमधून शिरलेल्या हल्लेखोराला किंवा रॅन्समवेअरला (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमला) डिस्क उघडीच दिसते. तरीही उपयोग आहे, आणि तो डिस्क मरते तेव्हा कळतो. बिघडलेली डिस्क वॉरंटीत परत पाठवताना ती पुसता येत नाही. एन्क्रिप्ट केलेली असेल तर निर्धास्त पाठवता येते. याची किंमत रीबूटच्या वेळी मोजावी लागते. रात्री वीज गेली, जनरेटरने दगा दिला, की सर्व्हर पासवर्डची वाट पाहत थांबतो. त्यावर ड्रॉपबेअर या छोट्या प्रोग्रॅममधून एसएसएचने (दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने) दुरून पासवर्ड देता येतो, किंवा डिस्क उघडायला नेटवर्कवरून मदत करणाऱ्या टँग सर्व्हरच्या साहाय्याने ऑफिसच्या नेटवर्कमध्ये असेपर्यंत डिस्क आपोआप उघडते. नुसत्या टीपीएम चिपवर (संगणकातच बसवलेल्या, किल्ली जपणाऱ्या चिपवर) भिस्त ठेवली, तर अख्खा सर्व्हर उचलून नेणाऱ्याकडेही तो लॉगिनपर्यंत गुपचूप सुरू होतो.

घरगुती वापरात माहिती चोरापेक्षा मालकाच्याच हातून जाण्याची शक्यता जास्त. मदरबोर्ड बदलला की बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, आणि ती बऱ्याचदा त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवलेली असते.