पणजीची तवेर्न आणि तेरेखोलच्या अलीकडची दारूबंदी

पणजीत फोंताइन्यास, मळा किंवा बाजारामागच्या गल्ल्यांमधून संध्याकाळी फिरलं की अजूनही एखादी जुनी तवेर्न, म्हणजे फेणी प्यायची छोटी जागा, दिसते. घराचीच दर्शनी खोली. दाराला अर्ध्या उंचीची झडप, आत दोन-तीन मेजं, भिंतीला टेकवलेला लाकडी बाक, आणि काउंटरमागे वेताच्या विणीत बसवलेले काचेचे मोठे गाराफांव. त्यातली फेणी मापाने छोट्या ग्लासात येते. सोबत उकडलेलं अंडं, भाजलेले चणे, नाहीतर खारवलेल्या कैरीची फोड. संगीत नाही, पाटीवर झगमगाट नाही. येणारे बहुतेक वाड्यातलेच, त्यामुळे नवा माणूस आत आला की आधी ‘खंयचे तुमी?’ असं विचारलं जातं. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचा असेल तर पुढचं बोलणं मालवणीत निभावतं.

आमच्या सिंधुदुर्गातून तिथे जाणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. समुद्र तोच, माड तेच, काजू तोच, मग मालवणात किंवा वेंगुर्ल्यात अशी जागा का टिकली नाही? ‘गोंयकारांचा स्वभावच तसा’ हे उत्तर मला पटत नाही. फरक कायद्याने पाडला आहे, आणि त्याला जवळजवळ दीडशे वर्षं झाली.

काजूच्या आधी इथे माडाचीच दारू होती. कोकणात माडी काढणं हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोरा, दोरीने घट्ट आवळायची, हलक्या हाताने ठोकून मऊ करायची आणि टोकाची पातळ चकती कापून खाली मडकं बांधायचं. रोज माडावर चढून मडकं उतरवायचं आणि नवी चकती कापायची. हात जड पडला तर पोय वाया जाते. शिवाजी महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी याच समाजाचा. गोव्यात हेच काम रेंदेर करतात. तिथल्या सान्नांच्या, म्हणजे इडलीसारख्या पदार्थाच्या, पिठाला आणि पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पावाला फुगवणारी सूर, म्हणजे माडीही त्यांच्याच मडक्यातली. म्हणजे माडावर चढणारा, भट्टी लावणारा, पाव भाजणारा आणि तवेर्न चालवणारा, सगळे एकाच साखळीत होते.

ती साखळी ब्रिटिश मुलखात पहिल्यांदा तुटली ती १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. माडी काढायच्या प्रत्येक झाडावर कर बसला, घरगुती भट्ट्या बंद करून दारू गाळणं मोजक्या परवानाधारकांच्या हाती दिलं गेलं आणि विक्रीचे मक्ते लिलावाने जाऊ लागले. सरकारला महसूल हवा होता, तो मिळाला. चार-सहा माडांवर पोट भरणाऱ्याला मात्र हा कर झेपणारा नव्हता. गुत्ता राहिला, पण तो मोठ्या मक्तेदाराचा झाला.

त्याच वर्षी, २६ डिसेंबर १८७८ ला, ब्रिटन आणि पोर्तुगालमध्ये एक करार झाला. त्यात गोव्याचं मीठ ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं, मुरगाव बंदराची आणि रेल्वेची बोलणी पक्की झाली, आणि ब्रिटिश धर्तीची अबकारी व्यवस्था गोव्यातही लागू करायचं ठरलं. १८९२ मध्ये हा करार संपला. माझ्या मते आजची तवेर्न समजून घ्यायला हे वर्ष फार महत्त्वाचं आहे, कारण तिथून दोन्ही बाजूंचे रस्ते वेगळे झाले. गोव्यातही कर होते, परवाने होते, पण लहान माणसाची लहान भट्टी आणि घराच्या पुढल्या खोलीतलं दुकान यांना जागा उरली. बऱ्याच गावांत तर एका बाजूला किराणा आणि दुसऱ्या बाजूला फेणी, असं एकच दुकान असायचं.

तेरेखोल नदीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, याच्या उलट घडलं. गांधीजींच्या चळवळीत दारूच्या दुकानांवर निदर्शनं झाली आणि त्यात बायका पुढे होत्या. त्यांचं दुःख खरं होतं. पगार गुत्त्यात जाणारी घरं त्यांनी पाहिली होती, आणि हे विसरून दारूबंदीची टिंगल करणं मला अन्यायाचं वाटतं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्य कोरडं झालं आणि त्यात रत्नागिरी जिल्हाही आला; आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याचाच भाग होता. दारू बंद झाली नाही, ती चोरटी झाली. माडी काढणारा मात्र गुन्हेगार ठरला.

पुढे नियम सैल झाले. १९७३ चे देशी दारूचे नियम आले आणि दुकानं पुन्हा उघडली. पण त्यात मिळणारी देशी दारू कारखान्यातून सीलबंद बाटलीत येते आणि तिचं मूळ उसाच्या मळीत असतं. कोकणातल्या देशी दारूच्या दुकानात कोकणातलं काहीच उरलं नाही.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि १९६४ मध्ये त्याला स्वतःचा अबकारी कायदा मिळाला. त्यानंतर आला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यावरच्या प्रचारात भाषा होती, नोकऱ्या होत्या, आणि महाराष्ट्रातल्या दारूबंदीची भीतीही होती. रेंदेराचं आणि भट्टीवाल्याचं काय होणार, हा प्रश्न पोटाचा होता. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं पडली, बाजूने १,३८,१७०. विलीनीकरण दारूमुळे फसलं असं मी म्हणणार नाही, पण तो निकाल उलटा लागला असता तर आजच्या या तवेर्नींचं काय झालं असतं, हे सिंधुदुर्गाकडे पाहून कळतं.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून सोळाव्या शतकात आणला. मार्चपासून डोंगरउतारावर बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, पडू लागतात. बी पिरगळून वेगळी काढतात आणि बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, पायांनी तुडवतात. रस आंबला की तांब्याच्या भाणात चढवून गाळतात. पहिल्या धारेचा उर्राक सौम्य असतो आणि पावसाच्या आत संपतो. तो पुन्हा गाळला की फेणी होते, ४० टक्क्यांच्या वर मद्यार्काची. जुना भट्टीवाला ती वाटीत उंचावरून ओततो आणि वर येणारे बुडबुडे किती वेळ टिकतात यावरून तिचा जोर सांगतो.

आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे काय होतं? बी विकायला जाते आणि बोंडू झाडाखाली कुजतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या नामांकित जाती दिल्या, बागा वाढल्या, पण फळाचा हा अर्धा भाग शेतकऱ्याच्या हिशेबात आलाच नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. त्याआधी कायद्याच्या लेखी ती निव्वळ ‘देशी दारू’ होती, त्यामुळे राज्याबाहेर विकणंही कठीण. मान वाढला तो बाटलीबंद फेणीचा. गाराफांवातून मापून देणाऱ्या तवेर्नीच्या मालकाची मुलं दुसऱ्या नोकऱ्यांत आहेत, आणि खोली शहरात असल्याने तिला भाडं चांगलं येतं.

जायचं असेल तर मार्च ते मे या दिवसांत जावं आणि उर्राकच मागावा, लिंबू आणि चिरलेली हिरवी मिरची घालून. संध्याकाळी लवकर जावं, म्हणजे मालकाशी बोलायला मिळतं. परतताना बाटली सोबत आणायचा मोह झाला तर परवान्याचं आधी बघावं, कारण बांद्याजवळ इन्सुलीला महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे आणि तिथे १९४९ चाच कायदा चालतो.