प्रतिसादी हायड्रोजेल

तापमान, पीएच मूल्य किंवा एखाद्या विशिष्ट रेणूची संहती बदलताच फुगणारे वा आकसणारे जलस्नेही बहुवारिकांचे (पॉलिमरांचे) त्रिमितीय जाळे. ‘स्मार्ट हायड्रोजेल’ हे नावही रूढ आहे. जाळ्यात धरलेले औषध वा प्रथिन योग्य जागी, ठरावीक गतीने सोडणे हा त्याचा मुख्य उपयोग.

‘हायड्रोजेल’ ही संज्ञा व्हान बेमेलेन यांच्या १८९४ मधील लेखापासून धरण्याचा प्रघात आहे. तथापि टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६४ च्या सुमारास सिलिसिक अम्लावरील विवेचनात ती वापरलेली दिसते. अग्रमान त्यांना देणे अधिक सयुक्तिक. दोघांचीही जेल अकार्बनी होती. आजच्या अर्थाचे जैव उपयोगाचे जेल ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव्ह लीम यांनी १९६० मध्ये मांडले. प्रतिसादाच्या गुणाचा आरंभ पुष्कळदा तोयोइची तानाका यांच्या १९७८ मधील प्रयोगाशी जोडतात, पण तेही अपुरे आहे. आयनीभवनाने बहुवारिक अम्लाचे जाळे फुगते-आकसते हे कून, काचाल्स्की प्रभृतींनी १९५० मध्येच दाखवले होते, तर जेलाचे आकारमान एकाएकी बदलू शकेल हे भाकीत दुशेक व पॅटरसन यांनी १९६८ मध्ये केले. तानाकांनी ते प्रत्यक्ष दाखवले.

पॉलि-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइडाचे जेल सुमारे ३२° से. च्या वर पाणी टाकून आकसते. याने औषध पिळून बाहेर पडेल असे वाटते. प्रत्यक्षात पृष्ठभाग आधी आकसून दाट साय धरतो आणि औषधाचे विसरण (रेणूंचे आपोआप बाहेर पसरणे) अडते. पॉलिमेथाक्रिलिक अम्लाचे जेल जठरात मिटलेले राहते आणि आतड्यात कार्बॉक्सिल गटांचे आयनीभवन होऊन फुगते. अमाइनयुक्त जेलात ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) बसवल्यास ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक अम्ल बनते, त्या अम्लाने अमाइन गटांचे आयनीभवन होऊन जेल फुगते व इन्शुलिन सुटते.

प्रथिनांबाबत जाळ्याच्या छिद्रांचे माप निर्णायक ठरते. सुमारे ५ नॅनोमीटर त्रिज्येचे प्रतिपिंड छिद्रे त्याच मापाची असतील तरच रेंगाळते. छिद्रे मोठी असल्यास बराचसा साठा सुरुवातीलाच निसटतो. शिवाय जाळे विणणाऱ्या रासायनिक विक्रियेने प्रथिनाची घडी बिघडू शकते. म्हणून थंड द्रावणात प्रथिन मिसळून ते टोचायचे आणि शरीराच्या उष्णतेवर गोठू द्यायचे, ही पोलोक्झामर ४०७ सारख्या बहुवारिकांची रीत अधिक सौम्य. मात्र असे जेल शरीरद्रवात लवकर विरघळते.

प्रसूतीपूर्वी गर्भाशयमुख मऊ करणारे डायनोप्रोस्टोन या औषधाचे हायड्रोजेल वापरात आहे. तेथे प्रतिसाद नसतो, पाण्याने फुगणे व विसरण एवढ्यावरच काम होते.