कापूर आणि डाळिंब: दोन वेगळे ‘आपोआप’

वाटीभर स्वच्छ पाण्यावर कापराचा तांदळाएवढा तुकडा टाका. तो भिरभिरतो, काठाला जाऊन परत फिरतो. पाण्याला तेलकट बोट लावलं की जागीच गप्प. आता डाळिंब फोडा. दाणे एकमेकांना इतके खेटून बसलेले की प्रत्येकाला सपाट बाजू आणि कडा आल्यात. केप्लरने १६११ मध्ये याच दाण्यांवर लिहिलं होतं.

मॉफ नावाच्या सच्छिद्र स्फटिकांबद्दल वाचताना मला या दोन्हींची आठवण होते. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणूंचे दुवे जोडून बांधलेला हा सांगाडा. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल यासाठीच कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं. याचे बारीक कण कधी ‘आपोआप रचले जातात’, कधी ‘आपोआप पळतात’. शब्द एकच, म्हणून घोळ होतो.

रचना हे डाळिंबाचं काम. झिफ-८ हा जस्ताचा मॉफ. त्याचा कण बारा समभुज चौकोनांनी वेढलेला असतो. बार्सिलोनातल्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात कोपरे छाटलेले असे कण मिलिमीटरभर लांबीपर्यंत शिस्तीत बसले आणि रंग दाखवू लागले. यात इंधन काही नाही. पाणी उडतं, गर्दी वाढते, पाण्याचे रेणू कणांना धक्के देत राहतात आणि सपाट बाजू सपाट बाजूला लागते. (डाळिंबाचा दाणा दाबला जाऊन आकार घेतो, झिफचा कण आकार घेऊनच येतो, एवढा फरक.) घाईने वाळवलं तर मात्र रचना बिघडते. छिद्रांचा इथे फारसा संबंध नाही. त्यांत बाहेरचे रेणू शिरले तर रंग बदलतो, तेवढंच.

पळणं हे कापराचं. २०१२ मध्ये एका मॉफच्या छिद्रांत डायफेनिलॲलानिन हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) भरून तो पाण्यावर सोडला. पेप्टाइड एका बाजूने झिरपलं, तिथला पृष्ठताण घटला आणि पलीकडच्या ताणाने स्फटिक ओढला गेला. इथे छिद्रं म्हणजे इंधनाची टाकी. सगळीकडून सारखंच झिरपलं असतं तर तो हललाच नसता. टाकी संपली की गाडी बंद.

खरी फसगत सूक्ष्मदर्शकाखाली होते, कारण तिथे पाण्यातला प्रत्येक बारीक कण थरथरतो. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, निर्जीव गोळाही सेकंदाला साधारण सव्वा मायक्रॉन सरकतो. पण शंभर सेकंदांत तो शंभरपट लांब जात नाही, दहापटच जातो. पळणारा कण सुरुवातीला वेळेच्या प्रमाणात अंतर कापतो. मात्र रचनेला हात देणारे तेच धक्के त्याचं तोंड फिरवत राहतात आणि एवढ्या आकाराचा कण सेकंदाभरात दिशा विसरतो. मिनिटभराने पाहाल तर तोही भरकटलेलाच दिसेल, जरा जास्त लांब इतकंच. म्हणून पहिला सेकंद मोजायचा. आणि सगळे कण एकाच दिशेला निघालेले दिसले तर पेढे मागवू नका. काचपट्टीवरचं पाणी वाहत असेल.