भर मे महिन्यात दगड शोधायला जाताना

मे महिन्यात दगड शोधायला कोण जातं असं घरचे दरवर्षी विचारतात, आणि प्रश्न बरोबरच आहे म्हणा, पण आपल्याकडे क्रिस्टल मिळायचा खरा सीझन हाच. कारण एकच, विहिरी. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की कोणी नवी विहीर काढायला घेतं, कोणी जुनी खोल करायला, यारी (दगड वर ओढायची क्रेन) लागते, सुरुंग उडतात आणि चाळीस-पन्नास फूट खालचा खडक पहिल्यांदा उजेड बघतो. राहुरीकडची ती हिरवीगार अपोफिलाइट स्फटिकं, जी जगभरचे संग्राहक काचेच्या कपाटात ठेवतात, ती अशाच विहिरीतून निघालेली.

थोडक्यात गोष्ट अशी की साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, नंतर खडकातून गरम पाणी झिरपलं आणि त्यात विरघळलेल्या सिलिका, कॅल्शियम वगैरेंमधून पोकळीच्या आत स्टिलबाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट असे झिओलाइट गटातले स्फटिक वाढले. झिओलाइटची गंमत म्हणजे त्याच्या रचनेतच बारीक नळ्या असतात आणि त्यात पाणी बसलेलं असतं. 1756 साली क्रॉन्स्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असा दगड ज्योतीवर तापवला तर तो चक्क फसफसला, म्हणून ग्रीकमधून नाव पडलं 'उकळणारा दगड'.

म्हणजे उन्हात पाणी फक्त आपलंच जातं असं नाही, काही दगडांचंही जातं! हे मी अक्कल गहाण ठेवून शिकलोय. एकदा एका विहिरीच्या डबरात लॉमोंटाइट या झिओलाइटचा झकास पांढरा गुच्छ मिळाला, अजून ओलसर होता, पेपरात गुंडाळून डिकीत टाकला आणि जेवायला बसलो, मग नातेवाईक, मग दुसरं गाव, घरी आलो रात्री. पेपर उघडला तर गुच्छ दुधट पडलेला, बोट लावलं की भुगा. लॉमोंटाइट कोरड्या हवेत स्वतःतलं थोडं पाणी सोडतो आणि मग त्याचे स्फटिक तडकून सुटे होतात, आणि मेमधली बंद गाडी म्हणजे ओव्हनच. तेव्हापासून ओलं फडकं आणि घट्ट झाकणाचा डबा बरोबर असतोच. अ‍ॅमेथिस्टही (जांभळा स्फटिक) फार काळ उन्हात ठेवू नका, रंग उडतो. आणि कापसाच्या गोळ्यासारखं ओकेनाइट दिसलं तर घामट बोटाने कुरवाळायचं नाही, त्याचे केसासारखे तंतू एकमेकांना चिकटले की परत मोकळे होत नाहीत.

आता आपल्या अंगाचं. हवामान खात्याचं तापमान सावलीतलं असतं, पांढऱ्या जाळीदार पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचं. दगडखाण म्हणजे काळ्या बेसॉल्टची परात, वारा नाही, चारी भिंती तापून आपल्याकडेच उष्णता फेकतात. त्यामुळे बातमीत 42 सांगितलं तरी तुम्ही उभे आहात तिथला हिशोब वेगळाच, हातोडासुद्धा दहा मिनिटं उन्हात पडला तर उचलवत नाही. आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर जाऊ म्हणाल तर भिंती दिवसभराचं व्याज देत असतात, म्हणून मी पहाटेच निघतो, सहाला जागेवर, दहाला हात झटकून बाहेर. दहानंतर कितीही भारी पोकळी दिसली तरी नाही. (हे पाळायला सगळ्यात जड जातं.)

जळगावकडचं कोरडं ऊन जास्त फसवं. कोकणात घाम अंगावर थपथपतो म्हणून कळतं तरी, इथे तो आल्या आल्या उडतो आणि वाटतं आपल्याला घामच येत नाहीये. एक लिटर घाम उडताना अंगातली पाचशेच्या वर किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, सिस्टीम भारी आहे, पण घण मारत असाल तर तासाला लिटरभर पाणी सहज जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, म्हणून ओआरएसची पाकिटं घ्या, नसतील तर लिटरभर पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सोबतचा माणूस बरळायला लागला, तोल जायला लागला तर उष्माघात समजून सावलीत आणा, पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा, शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

विहीरमालकाला किंवा खाणीच्या मुकादमाला आधी विचारायचं, सुरुंगाची वेळ तर विचारायचीच, आणि चालू विहिरीत न उतरता वरच्या ढिगाऱ्यातच बघायचं. लोणारला मात्र खिशात हात घालून फिरा, ते अभयारण्य आहे, तिथला खडाही उचलायचा नाही.

बाकी यंदाचा लॉमोंटाइट फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलाय, लोणच्याच्या बरणीशेजारी. डब्यावर आईने स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवलीये, 'खायचं नाही, दगड आहे'.