दम पुढे, हाड मागे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पळणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळालेले फडेप्पा दरेप्पा चौगुले बेळगावचेच. त्या वेळचा मार्ग आजच्या मॅरेथॉनपेक्षाही लांब, 42.75 किलोमीटरचा होता. चौगुल्यांनी तो 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत संपवला आणि 19वा नंबर काढला. आजही पहाटे कॅम्पातल्या रस्त्यांवर, टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत, येळ्ळूरच्या वाटेला पोरं पळताना दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच असल्यामुळे भरतीच्या 1600 मीटरसाठी घाम गाळणारे पुष्कळ. पाच-दहा हजार मीटर, क्रॉस कंट्री, हाफ मॅरेथॉन असं शर्यतीचं पळणारे त्याहून कमी, पण जिद्दीचे.

दोघांच्या बाबतीत एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. पोरगं जोर धरतं, दोन महिन्यांत वेळ झपाट्याने कमी होत जाते, घरचे खूश, सर खूश, आणि ऐन शर्यतीच्या तोंडावर ते नडगी धरून बसतं. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं नशीबच खोटं. नजरेचा आणि नशिबाचा इथे काही संबंध नाही. शरीरात काय घडतं ते आज बऱ्यापैकी ठाऊक आहे, आणि पळणाऱ्या प्रत्येक पोराच्या घरात ते पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं. हिशेब सोपा आहे: दम आठवड्यांत वाढतो, हाड महिन्यांत.

नियमित पळायला लागलं की सगळ्यात आधी रक्तातला द्रवभाग वाढतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच हा फरक पडतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतं आणि काल धाप लागत होती तो वेग आज सोपा वाटतो. पुढच्या महिना-दीड महिन्यात स्नायूंच्या पेशींतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे भाग, वाढतात. बारीक रक्तवाहिन्यांचं जाळंही दाट होत जातं. पळणाऱ्याला वाटतं आपण तयार झालो. छाती तयार झालेली असतेच, पण पाय अजून झालेले नसतात.

पळताना प्रत्येक पाऊल शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोराने जमिनीवर पडतं. नडगीच्या हाडावर येणारा दाब त्याहूनही जास्त असतो, कारण पाऊल पडतं त्याच क्षणी पोटरीचे स्नायू ते हाड दोन्ही टोकांनी आवळत असतात. एका किलोमीटरला ढोबळ मानाने हजार पावलं धरा, म्हणजे एका पायाला पाचशे. रोज बारा किलोमीटर पळणाऱ्या मुलीचा एकेक पाय हा मार सहा हजार वेळा खातो. त्यातून हाडात अतिशय बारीक चिरा पडतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. याच चिरा हाडाला मजबूत व्हायची वर्दी देतात.

गोम आहे ती दुरुस्तीच्या पद्धतीत. हाड जुन्या भागावर नुसता नवा थर चढवत नाही. आधी एका जातीच्या पेशी खराब झालेला भाग पोखरून काढतात, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. मग दुसऱ्या जातीच्या पेशी तिथे नवं हाड भरतात आणि ते पक्कं व्हायला तीन-चार महिने जातात. मधल्या काळात हाडाची अवस्था उकरून ठेवलेल्या, पण अजून डांबर न पडलेल्या रस्त्यासारखी असते. सराव वाढवल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड तात्पुरतं पोकळ होतं आणि नेमकं तेव्हाच दम वाढल्यामुळे पळणारा वेग आणि अंतर दोन्ही वाढवतो. नडगी दुखायला लागते ती याच काठावर.

माझी एक भाची खानापूरच्या बाजूला राहते, कॉलेजकडून दहा हजार मीटर पळते. शर्यतीला सहा आठवडे असताना तिने रविवारचं पळणं एकदम लांबवलं आणि मधल्या वारी राजहंसगडाचा चढ-उतार सुरू केला. काही दिवसांनी मला म्हणाली, "मामा, सुरुवातीला दुखतंय, मग पळता पळता गप्प होतंय की." मी म्हटलं, "कुठं दुखतंय दाखव बघू." तिने नडगीच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवला. हे बऱ्यापैकी सौम्य लक्षण. दुखणं वीतभर पसरलेलं असतं, अंग गरम झालं की कमी होतं, आणि वेळीच सराव कमी केला तर आटोक्यात येतं. ती पळत राहिली. पंधरवड्याने पुन्हा विचारलं तेव्हा तिने तळहात फिरवला नाही, एक बोट ठेवलं. त्या जागी मी अंगठ्याने हलकेच दाबलं तर तिने पाय झटकन मागे घेतला. रात्री झोपेतही ठणकतं म्हणाली. एका पायावर उडी मारायला सांगितली, मारवली नाही.

तळहात ते बोट, हा फरक प्रत्येक सरांनी आणि प्रत्येक आईबापांनी लक्षात ठेवावा. एका बोटाने दाखवता येणारं, विश्रांतीतही ठणकणारं दुखणं म्हणजे हाडावरच्या ताणाची इजा. तिला तिथेच थांबवलं नाही तर पुढे खरीखुरी तडा जाते. भाचीचा एक्स-रे काढला तो स्वच्छ आला आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बहुधा काही दिसतच नाही. नवं हाड भरायला लागल्यावर ते दिसतं. एमआरआय केला तेव्हा हाडाच्या आतली सूज स्पष्ट दिसली. जांघेत खोलवर दुखत असेल तर मात्र एक दिवसही पळू नये. तिथे मांडीच्या हाडाच्या मानेला तडा गेलेली असू शकते, आणि ती सरकली तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसतं.

हे दुखणं विज्ञानाला कळलं तेच मुळी सैनिकांच्या पायांवरून. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच केलेल्या शिपायांच्या सुजऱ्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध 1895 साली लागला आणि त्यानंतर दोनच वर्षांत कळलं की त्या पावलांत हाडं मोडलेली होती. न पडता, न धडकता, नुसतं चालून. भरतीच्या तयारीला लागलेल्या पोराने नडगीचं दुखणं सांगितलं की "नाटकं करतोय" म्हणणारे लोक आजही भेटतात. त्यांना ही हकीकत जरूर सांगावी.

आता राजहंसगडाचं. चढ चढताना जीव मेटाकुटीला येतो म्हणून सगळे चढालाच वचकून असतात. हाडाच्या दृष्टीने चढ सौम्य आहे, कारण पाऊल वरच्या जमिनीवर हलकं पडतं. मारतो तो उतार. पळण्याच्या यंत्रावर केलेल्या एका अभ्यासात नऊ अंशांच्या उतारावर पावलाचा आघात सपाटीपेक्षा 54 टक्के जास्त भरला, तर तेवढ्याच चढावर तो जवळजवळ नाहीसा झाला. आणि हाडाची झीज ताणाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, कितीतरी वेगाने वाढते. प्रयोगशाळेत हाडाच्या तुकड्यांवर केलेल्या चाचण्या सांगतात की ताण अवघा दहा टक्के कमी केला तर हाड जवळपास दुप्पट वेळा तो सहन करतं. म्हणूनच पावलं थोडी आखूड आणि थोडी जलद टाकणं एवढा बारीक बदलही उपयोगी पडतो. मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे.

"आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका" हा नियम सगळीकडे ऐकू येतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला नव्याने पळायला लागलेल्या लोकांचे दोन गट करून तो तपासला गेला. नियम पाळणाऱ्यांत आणि न पाळणाऱ्यांत इजा सारख्याच, साधारण पाचातल्या एकाला. 2025 साली पाच हजारांहून जास्त धावपटूंवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात वेगळीच गोष्ट पुढे आली. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एखाद्या दिवसाची झेप धोक्याची. गेल्या महिनाभरातल्या सगळ्यात लांब पळण्यापेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त पळलं की इजेचा धोका वाढतो. मला हे पटतं, कारण आपल्याकडची पोरं नेमकी तशीच मोडतात. मित्र म्हणाले म्हणून एका रविवारी बाराचे वीस किलोमीटर होतात, आणि बाकीचा आठवडा शिस्तीत गेलेला असूनही उपयोग होत नाही.

टाचेमागच्या जाड टेंडनची, म्हणजे पोटरीचा स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरासारख्या भागाची, गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. 1950 आणि 60च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता. त्या काळात वाढलेल्या माणसांच्या टेंडनमधला हा कार्बन डॅनिश शास्त्रज्ञांनी मोजला, तेव्हा दिसलं की टेंडनचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे शाळेच्या वयात जे कमावलं त्याच्यावरच पुढे पळायचं. हाडाचंही थोडंफार तसंच. लहानपणी फुटबॉल, बास्केटबॉल असे उड्यांचे आणि दिशा बदलण्याचे खेळ खेळलेल्या धावपटूंत ताणाच्या इजा कमी आढळतात. आपल्या शाळांतला खो-खो याच जातीचा खेळ आहे, आणि दहा-बारा वर्षांच्या पोराला खो-खोतून काढून फक्त लांब पळायला लावणाऱ्या पालकांशी मी वाद घालतो.

यामागचं एक कारण उंदरांवरच्या प्रयोगांत सापडलं. हाडावर लागोपाठ भार टाकला तर पहिल्या काही डझन झटक्यांनंतर हाड त्याची दखल घेणंच जवळपास सोडून देतं. काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा घेऊ लागतं. तासभर एकाच लयीत पळण्यातून हाडाला नवं असं फारसं मिळत नाही, झीज मात्र होत राहते. सकाळी वीस-तीस उड्या आणि संध्याकाळी पुन्हा तेवढ्याच, हे हाडाच्या जास्त कामाचं.

सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं म्हणजे जेवण. भाचीची पाळी चार महिने चुकलेली होती. ती आईला बोलली नव्हती, सरांना तर नाहीच. "पळणाऱ्या पोरींचं असंच असतंय" असं मैत्रिणींनी सांगितलेलं. असं अजिबात नसतं. सरावात खर्च होणारी ऊर्जा वजा जाता शरीराच्या बाकीच्या कामांना पुरेसं उरलं नाही, तर मेंदू प्रजननाची यंत्रणा मंदावतो. चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 30 किलोकॅलरींपेक्षा कमी उरू लागलं की अवघ्या पाच दिवसांत पाळीशी संबंधित संप्रेरकाची लय बिघडू लागते, हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी आणि हाडं सांभाळणारं संप्रेरक, घटलं की हाड पोखरणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या ऊर्जेच्या तुटीबद्दल सविस्तर इशारा दिला, आणि त्यात मुलगेही आले. पाळी चुकणं हा इजेचा आधी दिसलेला इशारा आहे. तो मुलीने मोकळेपणाने सांगावा असं वातावरण घरात आणि मैदानावर असलंच पाहिजे. "वजन कमी कर, वेळ कमी होईल" असं मुलींना सर्रास सांगितलं जातं, ते ऐकून मला संताप येतो.

भाची पहाटे चहा-बिस्किटावर पळून यायची आणि थेट दहा वाजता जेवायची. आता ती पळून आल्यावर अर्ध्या तासात दूध आणि नाचणीची भाकरी खाते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ज्वारीत त्याचा दहावा भागही नसतो. नाचणीतलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून दूध-ताक हवंच. अमेरिकन नौदलातल्या नव्या मुलींना आठ आठवडे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर ताणाच्या तडा 20 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. इस्रायली लष्कराने रंगरुटांना किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि कूच मर्यादित ठेवली, तेव्हाही अशा इजा लक्षणीय घटल्या.

तिची ती शर्यत गेली. खूप रडली. पहिले तीन आठवडे पळणं पूर्ण बंद होतं, पण दम टिकवायला तिने गावातल्या विहिरीचा आधार घेतला. लहान पोरं पोहायला शिकताना बांधतात तसा कमरेला डबा बांधून, पाय तळाला न टेकवता, ती पाण्यात उभ्याने पळायची. सोबत वडील काठावर बसलेले. यात हाडावर आघात शून्य आणि हृदयाला पुरेपूर काम. मग अर्धा तास चालून काहीही दुखत नाही असं सलग आठवडाभर झाल्यावर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, तेही एक दिवसाआड आणि मैदानातल्या तांबड्या मातीवर. आधी अंतर वाढवलं, वेग सगळ्यात शेवटी. चौथ्या महिन्यात पाळी सुरळीत झाली आणि पाचव्या महिन्यात तिने पाच हजार मीटरची एक छोटी शर्यत पळली. वेळ तिच्या उत्तम वेळेपेक्षा जास्त होती, नडगी मात्र दुखली नाही.

दहा हजार मीटरची तयारी आता पुन्हा सुरू आहे. उतार अजून दोन महिने नको असं ठरलंय, म्हणून राजहंसगड ती पळत चढते आणि खाली येताना वडिलांच्या स्कूटरवर मागे बसते.